सरपंचाच्या दाराला जाळी

आमच्या घराचं पुढचं दार सागवानी आहे. चांगलं जाडजूड, पितळी कडीचं. पण ते दिवसा लावायचं नाही. हा माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला नियम. पुढाऱ्याचं दार दिवसाढवळ्या लागलेलं दिसलं की लोक समजतात, घरात कुणी गेलं, नाहीतर याचं राजकारण तरी संपलं, असं ते म्हणायचे. सासरे गेले, नियम काही गेला नाही. माझे मालक धोंडीराम, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, ते तर प्रत्येक भाषणात सांगतात की आमचं दार जनतेसाठी सदैव उघडं आहे. लोक टाळ्या वाजवतात. दार उघडं ठेवणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि त्या उघड्या दाराच्या आत जिला राहायचं असतं, तिनं चहा टाकायचा.

कोणीही येतं. हाक नाही, कडी वाजवणं नाही, साधं खाकरणंसुद्धा नाही. मी केस विंचरत असेन, जेवत असेन, तापानं पडलेली असेन, मान वर करावी तर समोर कुणीतरी उभं. पुढच्या दारातून बैठक आणि बैठकीतून मधल्या दारानं आतलं घर, अशी आमची रचना. त्या मधल्या दाराला चौकट आहे, पण दार नाही. नुसता पडदा. पडद्यानं आजवर कुणाला अडवलंय?

त्यात मी गावची सरपंच आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. गेल्या निवडणुकीत सरपंचपद महिलेला सुटलं. अर्ज माझ्या नावानं भरला, प्रचार नानांनी केला, गुलाल दोघांच्याही अंगावर पडला आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीवर ते बसले. मी सही करते, झेंडावंदनाला जाते. बाकी गावाचा कारभार आमच्या बैठकीत चालतो आणि मी आत भाजी निवडत तो भिंतीतून ऐकते. आमच्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही.

तर यंदा माझी लेक प्रियदर्शनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बाळ आणि बाळंतीण आतल्या खोलीत, आणि बाहेर नेहमीसारखी जत्रा. एके दिवशी ती बाळाला पाजत बसली होती. पडदा सरकला आणि अभिमन्यू आत आला. अभिमन्यू म्हणजे नानांचा सगळ्यात जुना कार्यकर्ता. नानांच्या मागे सावलीसारखा असतो, बैठकीतल्या सोफ्यावर त्याची जागासुद्धा ठरलेली आहे. आत बाळंतीण आहे हे त्याला माहीत होतं, पेढे तर त्यानंच वाटले होते. पोरीनं घाईघाईनं पदर ओढून भिंतीकडे तोंड फिरवलं. हा शहाणा माघारी वळावं की नाही? तिथंच उभा राहून म्हणाला, मोबाइलचं चार्जर कुठं हाय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी नानांना सांगितलं, तर ते वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाले, "अगं, अभिमन्यू घरचाच हाय की."

घरचा! म्हणजे घरच्या माणसानं बाळंतिणीच्या खोलीत असं शिरावं, असा का कुठं नियम आहे? पण वाद घालून उपयोग नव्हता. दार लावू म्हटलं असतं, तर सासऱ्यांचा नियम आडवा आला असता. त्या रात्री प्रियदर्शनीनंच युक्ती काढली. लातूरला तिच्या फ्लॅटला पुढच्या दारात घडीची जाळी आहे. हातानं ओढली की दारभर पसरते, सारली की घड्या पडून एका बाजूला जाऊन बसते. हवा येते, उजेड येतो, डास येत नाही. "अन माणूस?" मी विचारलं. ती म्हणाली, "आई, माणसाला थांबावं लागतं. बाहेरून हाक मारावी लागते."

मला तेवढंच हवं होतं. नानांना मात्र आम्ही डासांचंच कारण सांगितलं. पावसाळा संपत आला होता, गावात तापाची साथ होती आणि नातवाच्या नावानं मागितलेलं आजोबाला नाही म्हणता येत नाही. शिवाय जाळी म्हणजे काही दार नव्हे. नाना उदार मनानं म्हणाले, लाव बाई.

घाटनांदूरला दस्तगीरभाईंचं ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचं दुकान आहे. ते मापं घ्यायला आले. चौकटीची रुंदी वर एक, मध्ये दुसरी आणि खाली तिसरीच निघाली. "वहिनी, तुमच्या सुतारानं कंबर काढलीय चौकटीला," ते हसून म्हणाले. आठ-दहा दिवसांनी जाळी घेऊन आले आणि अर्ध्या दिवसात बसवलीसुद्धा. बाजूच्या पट्ट्या स्क्रूनं पक्क्या केल्या. खालची पट्टी उंबऱ्यावर यायची होती. तिथं रोजची हळदकुंकवाची बोटं पाहून त्यांनी हातातलं ड्रिल खाली ठेवलं आणि मला विचारलं, इथं भोक पाडू का चिकटवू? मी म्हटलं, चिकटवा. मग त्यांनी ती पट्टी दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपवर बसवली आणि एक दिवस हिला धक्का लागू देऊ नका, असं बजावून गेले.

धक्का लागला तो त्याच दुपारी. जाळी गडद राखाडी. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला आत नुसता अंधार दिसतो, जाळी दिसत नाही. तरीही कोणत्याही गावचा माणूस परक्याच्या दाराशी क्षणभर रेंगाळतोच आणि तेवढ्यात त्याला जाळी दिसतेच. आमच्या दाराशी रेंगाळायची सवयच कुणाला उरली नव्हती. अभिमन्यू फोनवर बोलत, हात हलवत, नेहमीच्या वेगानं आला आणि थेट जाळीत घुसला. खालची पट्टी निघाली, जाळी रुळातून सुटली, हा त्यात गुंडाळला गेला आणि तसाच दोन पावलं बैठकीत आला. टोपी जाळीच्या घडीत अडकून लोंबत होती. आत प्रियदर्शनी तोंडाला पदर लावून हसत होती. अभिमन्यूला मात्र राग आला होता. आणि राग कुणाचा? माझा.

दस्तगीरभाई परत आले, पट्टी बसवली. म्हणाले, डोळ्याच्या उंचीला काहीतरी चिकटवा, म्हणजे माणसाला कळेल. घरात निवडणुकीची स्टिकरं उरली होती. मी एक काढून जाळीच्या मुठीच्या पट्टीवर लावलं. ते स्टिकर मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. निवडणूक माझी, पण अर्धं स्टिकर नानांच्या हात जोडलेल्या फोटोनं भरलेलं. माझा फोटो कोपऱ्यात, नखाएवढा. खाली नाव मात्र मोठं छापलेलं, कारण मतं नावाला पडायची होती.

जाळीनं काम चोख केलं. लोक थांबायला लागले. आणि थांबल्यावर हाक मारायला लागले. पूर्वी कुणाला भेटायचंय हे कुणाला बोलावंच लागत नव्हतं, सरळ आत यायचं आणि बसायचं. आता बोलावं लागत होतं. तेव्हा मला दिवसभर आत बसून ऐकू यायला लागलं, की गावाला कोण हवंय. नाना हायत का? नाना उठले का? नानाला सांगा, मी आलतो. उताऱ्याचं काम, नानाच पाहिजेत. शाळेच्या पत्र्याचं काम, नानाच पाहिजेत. माझ्या नावाच्या स्टिकरकडे बघत लोक विचारत, नाना हायत का. एकानं तर मलाच विचारलं, सरपंच घरी हायत का म्हणून. मी म्हटलं, मीच सरपंच. तो म्हणाला, ते खरं हो, पण नाना?

मला आधी वाटलं होतं, आपल्याला फक्त जरा निवांतपणा हवाय. पण ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. लाखभर हाका त्या दारात येऊ शकतील आणि त्यातली एक माझी नसेल?

एक आली. हमीदा. फाट्यावर पेरू-केळी विकते, गावाच्या खालच्या गल्लीत राहते. भर दुपारी नाना बीडला गेलेले असताना ती जाळीबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "सरपंचबाई हायत का घरात?"

हातातली सुरी तशीच ठेवून मी गेले. जाळी सारली, तिला आत घेतलं. ती माझ्याकडे निरखून बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी तर बऱ्या हायत की. मला वाटलं अंथरुणावर असताल."

मला काही कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. गल्लीतली नाली तुंबलीय, पाणी दारात साचतंय, घरटी एक माणूस तापानं आजारी आहे. हे सांगायला ती मागेही आली होती, एकदा नाही, पुष्कळदा. दर वेळी बैठकीतच नानांनी तिला हळू आवाजात सांगितलं होतं, सरपंचबाईंची तब्येत बरी नसते, त्यांना तरास देऊ नको, काय ते माझ्याकडं बोल. मग बघू म्हणायचे. "मी लई दुआ केली हो तुमच्यासाठी," हमीदा म्हणाली. "आमच्या गल्लीत सगळ्या बायांनी केली."

मी भिंतीच्या या बाजूला भाजी निवडत बसलेली असायचे आणि पलीकडे माझा नवरा गावाला सांगायचा, की मी आजारी आहे. धडधाकट बाईला अंथरुणाला खिळवलं आणि लोकांना तिच्यासाठी दुआ मागायला लावली! मला त्या क्षणी रडू आलं असतं तरी चाललं असतं, पण आला तो संताप. नालीचे पाइप तर कधीच आले होते. खालच्या गल्लीसाठी म्हणून मीच मंजुरीवर सही केली होती. ते कुठं आहेत, असं विचारलं, तर हमीदा म्हणाली, अभिमन्यूच्या गोठ्यासमोर. त्याच्या गोठ्याचं पाणी काढायला.

तिच्यासमोरच मी ग्रामसेवकाला फोन लावला. सरपंच बोलते, म्हटलं. मग मी त्यांना सांगितलं, की ते पाइप उद्या सकाळी उचलून खालच्या गल्लीत गेले पाहिजेत, नाहीतर परवा मी स्वतः तालुक्याला पंचायत समितीत जाऊन बसते. नानांना विचारतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, नानांची सही चालत असेल तर जरूर विचारा. पाइप दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर चढले.

नाना बीडहून आले, तेव्हा त्यांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडणाऱ्यातले ते नाहीतच. पुढाऱ्याला ओरडून चालत नाही. ते हात धुऊन जेवायला बसले आणि भात कालवता कालवता म्हणाले, गावात लई बोभाटा व्हायलाय. नानांनी दाराला जाळी लावली, आता नाना गरिबाला दार बंद करायलेत, असं विरोधक सांगत फिरायलेत. जिल्हा परिषद तोंडावर आली. तवा ती जाळी पुढच्या दारावरून काढू आणि मधल्या दाराला लावू. बाळ आतच असतं, डास बाळालाच चावतो. तिथंच खरी गरज हाय.

"तू, प्रिया, बाळ, तुमी समदे आत निवांत राहा," ते म्हणाले. "कुणी आत येणार न्हाई."

बोलणं किती गोड! आणि वरवर बघितलं तर त्यात खोट काय होती? अभिमन्यू आता पडदा सारून आत येऊ शकला नसता. पोरीचा प्रश्न सुटत होता. पण मी जाळी मागितली होती ती आलेल्या माणसानं आमच्या दाराशी थांबावं म्हणून. त्यांनी ती आणून आमच्यासमोर लावायचं ठरवलं, आम्ही थांबावं म्हणून. लोक पूर्वीसारखे बिनधास्त बैठकीत शिरणार, नाना खुर्चीवर, आणि सरपंच जाळीमागे डाललेल्या कोंबडीसारखी. हमीदा पुन्हा आली, तर तिला पुन्हा सांगायला मोकळे, की बाई आजारी आहेत. मला इतका राग आला होता, की बोलले असते तर ताट उधळलं असतं, आणि अन्नाचा त्यात काही दोष नव्हता.

रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हटलं, लावा. नाना खूश झाले. दस्तगीरभाई आले. त्यांनी मला बाजूला विचारलं, की वहिनी, तुमचीच मर्जी हाय ना. मी म्हटलं, हो, आणि खालची पट्टी यावेळी स्क्रूनं पक्की बसवा, मधल्या दाराला उंबरा नाही. मधली चौकट जरा अरुंद असल्यामुळे त्यांना पट्ट्या कापाव्या लागल्या. दुपारपर्यंत काम झालं. पुढचं दार मोकळं झालं, नानांच्या मनासारखं. चार-पाच माणसं येऊन बसली. नाना खुर्चीवर बसून प्रत्येकाला सांगत होते, बाळासाठी जाळी केलीय, बाळाला डास चावू नयेत म्हणून, आपल्याला स्वतःसाठी काही नको, आपलं दार उघडंच हाय.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. प्रियदर्शनी अंघोळीला गेली होती. मी बाळाला उचललं, अंगाला दुपटं गुंडाळलं, जाळी सारली आणि बैठकीत आले. मी बाळ नानांच्या मांडीवर ठेवलं.

"याला झोपवा," मी म्हटलं. "इथं नको, इथं डास हायत. आत घेऊन जा."

नाना माझ्याकडे बघत राहिले. समोर माणसं, मांडीवर नातू, आणि आत्ताच तोंडानं सांगून झालेलं, की सगळा खटाटोप बाळासाठी. ते हसले. माणसंही हसली. आजोबांना नातवाचं लई वेड हाय, कुणीतरी म्हणालं. नाना बाळाला खांद्यावर घेऊन उठले आणि आत गेले. मी त्यांच्यामागे जाळी ओढून घेतली, तिच्या पट्टीतलं चुंबक चौकटीला टक्कन चिकटलं आणि मी जाऊन त्यांच्या खुर्चीवर बसले. खुर्ची अजून ऊबदार होती. बसलेल्या माणसांना म्हटलं, बोला, कुणाचं काय काम आहे. एकमेकांच्या तोंडाकडे बघून त्यातल्या दोघांना एकदम शेतावरची कामं आठवली. बाकीचे चहाची वाट बघत बसून राहिले. चहा काही आला नाही, कारण चहा करणारी बाई खुर्चीवर बसली होती.

मग अभिमन्यू आला. दारात जाळी नव्हती, म्हणून नेहमीच्या वेगानं आला, रागानंच आला, आणि बैठकीच्या मध्यभागी येऊन थबकला.

"नाना कुठं हायत?"

"आत हायत. नातवाला झोपवायलेत."

तो मधल्या दाराकडे निघाला. मी म्हटलं, "आत बाळंतीण हाय, अभिमन्यू. आत जायचं न्हाई. काय काम हाय ते मला सांगा."

"माझं काम नानांकडं हाय."

"कसलं काम?"

"पाइपाचं." त्याचा आवाज चढला. "गोठ्यापुढचे पाइप कावून उचलले? कुणाला इचारून उचलले?"

"माझी सही होती खालच्या गल्लीसाठी. मीच उचलायला सांगितले. नानांचा त्यात काही संबंध न्हाई."

त्यानं जाळीकडे बघितलं. पलीकडे नाना बाळाला खांद्यावर थोपटत येरझाऱ्या घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते जाळीपाशी आले, तोंड उघडलं, आणि बाळानं झोपेतच मान वळवून हुंकार दिला. आत्ताच कुठं डोळा लागला होता. नानांनी तोंड मिटलं. त्यांनी हातानं मला काहीतरी खूण केली, उठ असेल, आत ये असेल. मी पाहिलं आणि पुन्हा अभिमन्यूकडे वळले. नाना पुन्हा थोपटायला लागले.

अभिमन्यू आधी नानांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. सोफ्यावरची त्याची ठरलेली जागा रिकामी होती, पण त्याला बसवेना. त्यानं टोपी काढली, हातात घेतली, आणि खाली बघत म्हणाला, "त्याचं असं हाय, सरपंचबाई..."

मी त्याला खाली बसायला सांगितलं.